सासू-सासऱ्यांचा अल्बर्टातला उन्हाळा आणि मंडळाचा गणपती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही गेल्या वर्षी नाशिकहून कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅल्गरीला आलात. सासू-सासरे यंदा, म्हणजे २०२६ च्या जूनअखेरीस येऊन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राहणार आहेत. त्यांना इथले कोणते उत्सव दाखवावेत, शाकाहारी माणसांच्या खाण्याचं काय करावं, आणि तुमच्या मंडळाला यंदा गणपती हॉलऐवजी बागेत मांडव घालून बसवायचा आहे, तो बसवावा का?

मी अठरा वर्षं इथे मैदानी कार्यक्रमांच्या मांडणीचं काम करते. मांडव कुठे उभा राहील, वीज कुठून येईल, रांग कुठे वळेल आणि वादळ आलं तर माणसं कुठे जातील, हे ठरवणं हे माझं काम. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बागेत बसवू नका. कारणं खाली सविस्तर आहेत, पण ती पटायला इथला उन्हाळा कसा वागतो ते माहीत असायला हवं.

कॅल्गरी समुद्रसपाटीपासून १,०४५ मीटर उंचीवर आहे. पूर्वेला नजर पोचेल तिथवर सपाट माळ, पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर रॉकी पर्वत. डोंगरावरून उतरणारी हवा आणि तापलेला माळ यांची गाठ याच पट्ट्यात पडते. सकाळी निळंभोर आकाश, दुपारी तीननंतर पश्चिमेला ढगांचे डोंगर, आणि पाचच्या सुमाराला गारा, असं जून ते ऑगस्ट वारंवार होतं. १३ जून २०२० च्या गारपिटीत शहराच्या ईशान्य भागातल्या घरांच्या भिंतींची चाळण झाली आणि विम्याचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. ५ ऑगस्ट २०२४ च्या गारपिटीचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा होता. त्यात मे महिन्यात बर्फ पडू शकतो आणि सप्टेंबरात पुन्हा पडू शकतो. मधल्या तीन-चार महिन्यांत लोकांना जत्रा, गाणं-बजावणं, शेतीचे मेळे, लग्नं, सगळं उरकायचं असतं. आपल्याकडे श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांची रीघ लागते, तशी इथे जून ते सप्टेंबर लागते. एका शनिवारी चार ठिकाणी काही ना काही असतं. सगळीकडे जायचा प्रयत्न करू नका. सत्तरीच्या आसपासच्या माणसांसाठी आठवड्याला एक ठिकाण, तेही अर्धा दिवस, एवढंच ठरवा.

आता स्टॅम्पीड, म्हणजे काउबॉयांचे खेळ, शर्यती आणि शेतीचं प्रदर्शन असलेली कॅल्गरीची मोठी जत्रा. यंदा ३ ते १२ जुलै. तो टाळता येणार नाही आणि टाळूही नये, पण कसा पाहायचा ते नीट ठरवा. गाय वीडिक नावाच्या खेळ रंगवणाऱ्या माणसानं १९१२ मध्ये तो पहिल्यांदा भरवला. पैसे घातले चार बड्या आसामींनी: जॉर्ज लेन, पॅट बर्न्स, ए. ई. क्रॉस आणि आर्ची मॅक्लीन. १९२३ पासून तो शहराच्या जुन्या कृषी-औद्योगिक प्रदर्शनाला जोडला गेला आणि दरवर्षी होऊ लागला. २०१३ मध्ये जूनच्या महापुरात अख्खं मैदान पाण्याखाली गेलं होतं, तरी दोन आठवड्यांत चिखल उपसून तो ठरल्या दिवशी सुरू केला. त्या दिवसांत मी मैदानावर होते. रात्री दोन वाजता पंपाच्या आवाजात काम करणारी ती माणसं मला अजून आठवतात, आणि या शहराबद्दल मला जी माया आहे ती बरीचशी तिथून आलेली आहे. २०२४ मध्ये दहा दिवसांत १४ लाख ७७ हजारांहून जास्त लोक आले. यावरून गर्दीचा अंदाज घ्या.

मोठ्या मैदानावर सासू-सासऱ्यांना एकदाच न्या, तेही मैदान उघडताच. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पॅनकेकची न्याहारी. १९२३ मध्ये चकवॅगनच्या, म्हणजे घोड्यांनी ओढायच्या स्वयंपाकाच्या गाड्यांच्या, शर्यतीत उतरलेल्या जॅक मॉर्टनने आपल्या गाडीवरच्या चुलीवर पॅनकेक करून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घातले, तिथून ही प्रथा सुरू झाल्याचं सांगतात. आज त्या दहा दिवसांत वस्तीवस्तीतल्या हॉलबाहेर, दुकानांच्या पार्किंगमध्ये, चर्च, मशिदी आणि गुरुद्वारांच्या अंगणात फुकट न्याहारी असते. लोखंडी तवा दहा फूट लांब, त्यामागे ॲप्रन घातलेले शेजारीपाजारी, एक जण पीठ सोडत जातो, दुसरा उलटत जातो. बसायला गवताचे भारे आणि ट्रकच्या उघड्या पाठीवर बसलेले दोघे-तिघे वाजवणारे.

माझे बाबा वाईचे. आयुष्यभर डोक्यावर गांधी टोपी. २०१२ मध्ये, स्टॅम्पीडच्या शताब्दीच्या वर्षी, ते अशाच एका रांगेत उभे होते. या शहरात पाहुण्याचा मान म्हणजे पांढरी काउबॉय हॅट. बाबांची पांढरी टोपी पाहून पुढचा एक वयस्कर शेतकरी वळला, स्वतःची हॅट उचलली, मान झुकवली आणि बाबांना आपल्या पुढे उभं केलं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर दोघं एकाच भाऱ्यावर बसले आणि बाबा त्याला हातांनी दाखवत होते की आमच्याकडे बैलाची जोडी अशी जुंपतात. परतल्यावर वाईत बाबांनी रॉकी पर्वताविषयी फारसं कुणाला सांगितलं नाही, त्या भाऱ्याविषयी मात्र सगळ्यांना सांगितलं. म्हणून मी म्हणते, आधी न्याहारी.

खाण्याबद्दल नेमकं सांगते. पॅनकेकच्या पिठात जवळजवळ नेहमी अंडं असतं, आणि सॉसेज बऱ्याचदा त्याच तव्यावर भाजतात. सासूबाई अंडं खात नसतील तर घरून दशम्या नाहीतर धिरडी घेऊन जा. तिथे बसून आपला डबा खाल्ला तर कुणी काही म्हणत नाही. ईशान्य कॅल्गरीतल्या काही न्याहाऱ्यांना छोले आणि चहाही मिळतो, तिथे आधी फोन करून विचारा. बाकी जत्रांमध्ये भाजलेलं कणीस, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि लिंबूपाणी यांवर वेळ निभते, पण फोडी कुठल्या तेलात तळल्या ते विचारा. काही ठिकाणी चरबी वापरतात.

रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याचे काउबॉय खेळ, आणि चकवॅगनची शर्यत यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चकवॅगनमध्ये चार घोड्यांच्या गाड्या भरधाव पळतात आणि अपघात होतात. २०१९ मध्ये एका स्टॅम्पीडमध्ये सहा घोडे दगावले. नंतर एका शर्यतीतल्या गाड्यांची संख्या कमी केली, नियम कडक केले, तरी वाद मिटलेला नाही. बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये आलेली बंदी आणि मे २०२३ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपण पाहिला आहे, म्हणजे दोन्ही बाजूंची माणसं आपल्या ओळखीची आहेत. सासऱ्यांना शेतीची आणि जनावरांची आवड असेल तर शर्यतीऐवजी त्यांना गुरांच्या आणि अवजड घोड्यांच्या शेडमध्ये न्या. तिथे शेतकरी आपल्या जनावराबद्दल तासभर बोलतात, आणि सासऱ्यांना ते समजतं.

मैदानाच्या एका कडेला एल्बो नदीकाठी टीपींचा तळ आहे. टीपी म्हणजे लाकडी दांड्यांवर कापड ताणून केलेला शंकूच्या आकाराचा तंबू. इथे सातव्या कराराखालची मूळ राष्ट्रं, म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी, राहायला येतात: कैनाई, सिक्सिका, पिकानी, त्सूट'इना आणि स्टोनी नकोडा. त्यांचा सरकारशी हा करार १८७७ मध्ये ब्लॅकफूट क्रॉसिंगला झाला. या तळासाठी मी माझ्या पाहुण्यांना अख्खी दुपार देते. एकेका टीपीवरची चित्रं एकेका कुटुंबाची असतात आणि ती विधिपूर्वकच दुसऱ्याकडे सोपवली जातात. कुणीही उठून रंगवायची ही नक्षी नाही. तिथे चुलीवर केलेला बॅनक मिळतो, आपल्या जाड भाकरीसारखा. लोक आपणहून बोलावतात, टीपीत बसवतात आणि सांगतात.

हे पाहताना एक गोष्ट ठाऊक हवी. १८९५ पासून कॅनडाच्या कायद्यानं या लोकांच्या महत्त्वाच्या विधींवर बंदी होती. १९१४ च्या दुरुस्तीनंतर पारंपरिक पोशाख घालून राखीव वस्तीबाहेरच्या नाचात भाग घ्यायलाही सरकारी परवानगी लागू लागली. हे निर्बंध १९५१ मध्ये उठले. तोवर स्टॅम्पीड ही उघडपणे नाचायची, गायची, मुलांना दाखवायची एक दुर्मीळ जागा होती. १९१२ च्या पहिल्याच स्टॅम्पीडमध्ये कैनाईंच्या टॉम थ्री पर्सन्सनं सायक्लोन नावाच्या, कुणालाही न बधलेल्या घोड्यावर बसून अजिंक्यपद मिळवलं होतं. मैदानावरच्या झगमगाटात ही बाजू सहज निसटते, म्हणून सासू-सासऱ्यांना आधी सांगून ठेवा.

तळ आवडला तर जुलैच्या अखेरीस त्सूट'इनांचा पाओ-वाव गाठा. शहराच्या पश्चिमेला लागूनच त्यांची भूमी आहे. पाओ-वाव म्हणजे ढोल, गाणं आणि नाचांचा मेळा, आणि तो पाहण्याची रीत आहे. नर्तकांचा प्रवेश सुरू झाला की सगळे उठून उभे राहतात, टोप्या काढतात. पुढे गरुडपिसांचे दंड, मग माजी सैनिक, मग नर्तक. निवेदक फोटो काढू नका म्हणाला की फोन खिशात. गोल मांडवातल्या पुढच्या रांगेत चादरी अंथरलेल्या दिसतील, त्या नर्तकांच्या घरच्यांच्या, तिथे बसू नका. घडीच्या खुर्च्या घेऊन मागे बसा. नर्तकांच्या अंगावरच्या पोशाखाला रिगेलिया म्हणायचं आणि हात लावायचा नाही. एखादं पीस आजीनं दिलेलं असतं, एखादा पट्टा आईनं वर्षभर मणी ओवून केलेला असतो. बायकांच्या एका प्रकारात झग्याला शेकडो पत्र्याच्या नळ्या लावलेल्या असतात आणि पावलागणिक त्या पाऊस पडल्यासारख्या वाजतात. हा नाच आजार बरा व्हावा म्हणून करायचा, तो ओजिब्वे लोकांकडून आला. मधूनच निवेदक सर्वांना नाचायला बोलावतो. तेव्हा सासूबाईंना हात धरून घेऊन जा. ढोलाच्या ठेक्यावर गोल चालायचं असतं, फेर धरल्यासारखं. माझी आई गेली होती, नऊवारीत.

ऑगस्ट भराभर सांगते. पहिला सोमवार वारसा दिनाचा, यंदा ३ तारखेला. त्या सुट्टीला जोडून एडमंटनला अनेक देशांच्या लोकांचा हेरिटेज फेस्टिव्हल असतो, १९७६ पासून. पण एडमंटन तीनशे किलोमीटर आहे आणि त्या दिवसांत गर्दी अफाट. सासरे नाटकवेडे असतील तरच एडमंटनला जा, आणि मग ऑगस्टच्या मध्यावर फ्रिंज नाट्यमहोत्सवाला जा. १९८२ मध्ये सुरू झालेला हा उत्तर अमेरिकेतला पहिला फ्रिंज. लहान लहान जागांत तास-तासाची नाटकं, नाटक निवडायला परीक्षक नाहीत, सोडत. एकांकिका स्पर्धांच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटतं. ऑगस्टअखेरीस दक्षिणेला टेबरचा मक्याचा मेळा असतो. नाही जमलं तरी रस्त्याच्या कडेला टेबरचं कणीस विकणारे ट्रक लागतील. खऱ्या विक्रेत्याकडे शेतकऱ्याचं प्रमाणपत्र असतं, ते मागा. कणीस इतकं गोड असतं की भाजताना लिंबू-तिखट थोडं जास्त लावा. जंगलातल्या वणव्यांचा धूर मात्र याच महिन्यात शहरावर येतो. सासऱ्यांना दमा असेल तर हवेचा निर्देशांक पाहूनच घराबाहेर पडा.

डोंगरातलं एकच निवडायचं तर सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कॅनमोरचे हायलँड खेळ. कॅल्गरी, बॅन्फ, कॅनमोर ही सगळी नावं स्कॉटलंडहून आलेली. खांबाएवढा ओंडका उभा उचलून फेकणं, बॅगपाइप वाजवणारी पथकं, लहान मुलींचे तलवारीवरचे नाच, मागे कातळाचे सुळके. मैदान सपाट आहे, वयस्कर माणसांना चालायला त्रास नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत लार्चची झाडं सोनेरी होतात. सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं हे झाड. त्यासाठी अर्धं शहर डोंगरात लोटतं. मोरेन तलावाचा रस्ता २०२३ पासून खाजगी गाड्यांना बंद आहे, बसचं आरक्षण आधी करावं लागतं, आणि लार्चच्या दरीपर्यंतची चढण सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. त्यांना तलावाकाठीच थांबवा.

आता गणपती. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. म्हणजे इथल्या पहिल्या दहिवराच्या तोंडावर. दुपारी अठरा अंश, रात्री चार, असा तो काळ. आणि हा सरासरीचा हिशेब झाला. २०१४ मध्ये अनंत चतुर्दशी ८ सप्टेंबरला होती आणि त्याच दिवशी कॅल्गरीत बर्फ सुरू झाला, तो पुढे दोन दिवस पडला. झाडांवर सगळी हिरवी पानं होती, त्यावर ओला बर्फ साचून शहरभर फांद्या मोडल्या, वीज गेली. आमच्या घरचा गणपती दहा दिवसांचा. आम्ही गॅरेजमध्ये टब भरून ठेवला होता. दार वर केलं तर समोरच्या मेपलची अख्खी फांदी रस्त्यावर आडवी, आणि मुलं मेणबत्तीच्या उजेडात लोकरी टोप्या घालून आरती म्हणत होती. मांडवात गणपती बसवलेला असता तर त्या बर्फाच्या वजनानं छत मूर्तीवर आलं असतं.

बर्फ नाही आला तरी वारा आहेच. १ ऑगस्ट २००९ रोजी कॅमरोज गावच्या बिग व्हॅली जांबोरी या मैदानी संगीतमेळ्यात अचानक आलेल्या वादळानं मंच कोसळला, एका बाईचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. तिथे व्यावसायिक लोकांनी उभारलेला मंच होता. आपल्या मंडळांकडे दुकानातून आणलेले दहा बाय दहाचे घडीचे तंबू असतात. एका मंडळाच्या कार्यक्रमात मी असा तंबू उचलला जाऊन तीन गाड्यांपलीकडे पडलेला पाहिला आहे. खाली पाच मिनिटांपूर्वी मुलं चित्रं रंगवत होती. त्या दिवशी वजनं बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि मी 'थोड्या वेळानं बांधू' म्हटलं होतं. तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक पायाला किमान वीस किलो, तंबू उघडण्याआधी बांधलेलं. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की तंबू खाली, मग आरती चालू असली तरी. बागेत खुंट्या ठोकायच्या तर जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्या आधी आखून घ्याव्या लागतात. महापालिकेचा परवाना, लोकांना जेवण वाढायचं तर आरोग्य विभागाची मंजुरी, तंबूत निरांजन लावायचं तर अग्निशमनाचे नियम, हे सगळं वेगळंच. दहा दिवस रात्रंदिवस मूर्तीजवळ कोण बसणार हाही प्रश्न आहे.

त्याऐवजी मी असं करीन. मूर्ती वस्तीच्या हॉलमध्ये. कॅल्गरीत जवळजवळ प्रत्येक वस्तीचा असा हॉल असतो आणि तो रहिवाशांनीच चालवलेला असतो, म्हणून तिथल्या समितीला पहिल्या आरतीला बोलवा, मोदक द्या. स्टॅम्पीडला त्यांनी तुम्हाला पॅनकेक वाढले, आता तुम्ही वाढा. बाहेर फक्त मिरवणूक, तीही शनिवारी दुपारी अकरा ते एक, हॉलच्या पार्किंगमध्ये. ढोल-ताशा, लेझीम, जे काय असेल ते त्या दोन तासांत. शेजारच्या घरांत आठवडाभर आधी चिठ्ठ्या टाका: अमुक वेळी ढोल वाजेल, या, बघा, जेवा. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकल्या त्या वर्षी एकही तक्रार आली नाही आणि समोरच्या आजोबांनी स्वतःचा स्नेअर ड्रम आणला. त्यांना ताशाचा ठेका अर्ध्या तासात जमला.

विसर्जन नदीत नको. बो आणि एल्बो या नद्यांचंच पाणी शहर पितं, आणि बोचं पाणी उन्हाळ्यातही हिमनदीचं, हाडं गोठवणारं, ओढ जबर. वयस्कर माणसानं काठावर वाकूसुद्धा नये. शाडूची मूर्ती, हॉलमागे मोठा टब, त्यात कोमट पाणी, म्हणजे मुलांनाही हात घालता येतो. माती विरघळायला एक दिवस लागतो, टब झाकून ठेवा, रात्री गोठेल. आमच्या टबातली माती आम्ही दरवर्षी अंगणातल्या सफरचंदाच्या बुंध्याशी घालतो. २०१४ च्या बर्फात त्या झाडाची एक फांदी मोडली होती, तिच्या खुणेशेजारून दुसरी फुटली आहे. सप्टेंबरात त्याला आंबटगोड सफरचंदं येतात. सासूबाईंना घेऊन या, गूळ घालून त्यांचा मुरांबा छान होतो.